मदत हवी आहे: पेटीच्या सुरांचे कानातले, सोल्डरचा डाग धरत नाहीये

गोदाकाठ:
घरची जुनी पेटी वाळवीने खाल्ली. भाता गेला, पट्ट्या गेल्या, आतले पितळी सूर, म्हणजे आवाज काढणारी जीभ बसवलेले पितळेचे तुकडे, तेवढे उरलेत. त्यांचे लोंबते कानातले करतेय. वर कडी बसवायला डाग देते तर त्याची गोळी होते आणि टपकन गळते. पाच सूर काळे करून झाले. शनिवारी स्टॉल आहे. काय चुकतंय? प्लीज लवकर सांगा.

टाकणखार:
कसला डाग? चांदीचा की रेडिओवाल्यांची तार? फ्लक्स, म्हणजे डाग धरावा म्हणून लावतात ते, लावलंत? तापवताय कशाने?

गोदाकाठ:
रेडिओचीच तार, घरातलं २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न. सूर पितांबरीने लख्ख घासलेत.

टाकणखार:
लख्ख दिसणं वेगळं. कडी बसायची जागा पॉलिशपेपरने खरवडा, फ्लक्स लावा. पितळ उष्णता ओढून घेतं, २५ वॉट पुरत नाहीत. आणि ६०-४० ची तार असेल तर त्यात ४० टक्के शिसं असतं. अंगावर घालायच्या वस्तूला ती वापरूच नका, बिनशिशाची आणा.

सहावी_तार:
डाग हवाच कशाला? मी गिटारच्या जुन्या तारांची हातातली कडी करते. नुसते पीळ द्यायचे, टोकं टोपीत बंद. अॅकॉस्टिकच्या तारा घ्या, सोनेरी दिसतात.

टाकणखार:
त्यांनी गिटारचं विचारलेलं नाही. आणि तो सोनेरी रंग म्हणजे बहुतेक तांबं, घामाने मनगट हिरवं होतं.

सहावी_तार:
माझं नाही झालं कधी.

काळी_दोन:
थांबा, थांबा! सूर कुठले आहेत? शिक्का बघितला का? पॅरिसचे किंवा जुने जर्मन असले तर दुरुस्तीवाले आनंदाने घेतील. कानातले कसले करताय!

गोदाकाठ:
शिक्का नाही. आणि निम्म्यांच्या जिभा तुटल्यात.

काळी_दोन:
मग उरलेले निम्मे तरी द्या. पेटीचे आधीच कमी हाल झाले का? आकाशवाणीने १९४० ते १९७१ बंदी घातली होती.

रागदारी:
७१ साली सरसकट उठली नव्हती, अटी होत्याच. पण मुळात पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, हा आक्षेप चूक होता का?

काळी_दोन:
चूकच! वाजवणाऱ्याचा हात बघा आधी.

टाकणखार:
यासाठी वेगळा धागा काढा हो.

माईआजी:
आमच्याकडे पितळ चिंचेने घासत. शेवटी राखेचा हात.

गोदाकाठ:
आज्जी, थँक्यू, पण घासणं झालंय. बहिणीने एक जोड घालून बघितला तर तिचे कान खाजले, ते कशाने?

टाकणखार:
हूक कुठले?

गोदाकाठ:
बाजारातले, डझनावारी मिळतात ते.

टाकणखार:
मग निकेल असणार. चांदीचे किंवा टायटॅनियमचे घ्या. सुराला मागून पारदर्शक लॅकर मारा.

भाता_फाटका:
एक बावळट प्रश्न. पेटीत सूर स्क्रूने बसवलेले असतात ना? दोन्ही टोकांची भोकं कुठे गेली?

गोदाकाठ:
आहेत की. पण त्यातून कडी घातली तर सूर उभा लटकतो. मला आडवा हवा होता.

टाकणखार:
हे आधी सांगायचं हो!!

भाता_फाटका:
दोन्ही भोकांत एकेक कडी, दोन बारीक साखळ्या वर एका हुकात. आडवा राहील. डागाची गरजच नाही. फक्त जीभ पाठीमागे येऊ द्या, केसांत अडकते.

गोदाकाठ:
केलं! मस्त लटकतंय. पण डावा-उजवा लांबीला जुळत नाही, एकाच पट्टीखालचे दोन घेतले तरी.

भाता_फाटका:
खर्ज-नर पेटी आहे तर, म्हणजे सुरांच्या दोन रांगा, खालची खर्जाची आणि वरच्या आवाजाची नर. एका पट्टीचे दोन सूर एका सप्तकाच्या फरकाचे, जुळणार कसे? खर्जाच्या मधल्या सप्तकातला सा घ्या आणि नरच्या खालच्या सप्तकातला सा. सूर एकच, लांबीही जवळपास तीच.

काळी_दोन:
म्हणजे दोन्ही कानांत सा. हे मात्र आवडलं.

माईआजी:
तबल्याच्या जुन्या वाद्या पडून आहेत, त्यांचं काही होईल का?