विषय: फटाका सायलेंसर आणि आपली रविवारची सायकलफेरी

प्रेषक: तिलकनगर
सोमवार, रात्री 9:50

मंडळी, सप्रेम नमस्कार.

काल जे फेरीला आले नव्हते त्यांच्यासाठी लिहिते. इंदोरच्या सुपर कॉरिडॉरवरून परतताना, साडेसहाच्या सुमारास, मागून एक काळी कार आली. खाली बसवलेली, रुंद टायर, काळ्या काचा, मुद्दाम मोठा आवाज काढणारा फटाका सायलेंसर, आणि आवाज असा की पोटात धडधडलं. माझ्या पुढे काकू होत्या. त्यांनी दचकून हँडल डावीकडे ओढलं आणि सायकल मुरुमात गेली. गुडघा सोलवटला, चष्म्याची काडी मोडली. कारवाला थांबला नाही, बहुतेक त्याला कळलंही नसेल.

गाडी अशी वाजवत फिरायचं ज्यानं ठरवलंय, त्याला दुसऱ्याची पर्वा नाही हे त्यानं आधीच जाहीर केलेलं असतं. म्हणून सुचवते की असा आवाज मागून आला की सगळ्यांनी उतरून कडेला उभं राहायचं, हा गटाचा नियम करावा. कोणाची हरकत?

प्रेषक: रामबाग
मंगळवार, सकाळी 6:15

ताई, हरकत माझी. पण आधी काकूंचा गुडघा कसा आहे ते कळवा. काडी माझ्याकडे पाठवून द्या, राजवाड्याजवळ बसवून आणतो.

मी तुमच्या मागेच होतो, त्यामुळे सगळं बघितलं. ती काळी कार आपल्यापासून निदान दोन सायकली आडव्या मावतील इतक्या अंतरावरून गेली. काकूंना पाडलं ते आवाजानं, गाडीनं नव्हे. आवाज करणं हा गुन्हाच आहे, पण चालवणं वाईट होतं असं मी म्हणणार नाही. उलट त्याच्या दोनच मिनिटं आधी एक पांढरी गाडी गेली होती, कारखान्यातून निघाली तशीच्या तशी, मागे बाळाची खुर्ची. ड्रायव्हरच्या कानाला फोन. तिचा आरसा तुमच्या ओढणीला लागला. आठवते का? नाही आठवणार, कारण ती वाजली नाही.

चाळीस वर्षं या गावात सायकल चालवतोय. मला कडेला दाबणाऱ्यांची यादी करायला बसलो तर वर येतात त्या स्टॉपवर शिरणाऱ्या बस, सातच्या शाळेच्या व्हॅन, लोडिंग रिक्षा आणि हल्लीच्या ई-रिक्षा, ज्या मांजरीसारख्या डाव्या अंगानं येतात. सराफ्यात उभ्या गाडीचं दार उघडून दोनदा पाडलंय, इंजिन बंद असताना! फटाका सायलेंसरवाले त्या यादीत आहेत, पण बरेच खाली.

हे नुसतं माझं रडगाणं नाही. इंग्लंडात बाथ विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ इयन वॉकर यांनी 2006 मध्ये सायकलला अंतर मोजणारं यंत्र लावून सॉल्सबरी आणि ब्रिस्टलच्या रस्त्यांवर सुमारे 2,500 गाड्या ओलांडून जाताना मोजल्या. कारच्या मानानं ट्रक 19 सेंटिमीटर आणि बस 23 सेंटिमीटर जास्त जवळून गेल्या. हेल्मेट घातलं की गाड्या सरासरी 8.5 सेंटिमीटर आणखी जवळ यायच्या. लांब केसांचा टोप घालून बाईसारखं दिसलं की 14 सेंटिमीटर जागा जास्त मिळायची. (माझ्या टकलावर तो टोप बसवायची सूचना आमच्या घरून आलेलीच आहे.) मोजणी चालू असतानाच वॉकरसाहेबांना एका बसनं आणि एका ट्रकनं धडकही दिली.

आता आवाजाचा खरा तोटा. सायकलवाला मागचं कानानं बघतो. टायरचा सूं आवाज, गिअर बदलल्याची गुरगुर, एवढ्यावर आपण ठरवतो की कडेला सरकायचं की नाही. असा एखादा भोंगा गेला की पुढची चार-पाच सेकंदं कान आंधळे होतात. त्याच्या मागून येणारी ई-रिक्षा त्या वेळात तुमच्या कोपराशी येऊन ठेपलेली असते. तुम्ही सांगता तसं आठ जणं एकदम ब्रेक मारून उतरायला लागलो, तर एकमेकांच्या चाकात जाऊ ते वेगळंच.

प्रेषक: कॅनडा
मंगळवार (तुमच्याकडे बुधवार उजाडला असेल)

काका, ताईंच्या बाजूनंही एक कागद आहे. ऑन्टारिओतल्या वेस्टर्न विद्यापीठाच्या जुली एटकन शर्मर यांचा अभ्यास 2023 मध्ये छापून आला. 529 विद्यार्थ्यांना विचारलं होतं की सायलेंसर बदललेली मोठ्या आवाजाची गाडी तुम्हाला कितपत आवडते. ज्यांना आवडते त्यांच्यात मुलगे जास्त, आणि दुसऱ्याला त्रास झाल्याची मजा वाटणं, दुसऱ्याच्या दुःखाचं काही न वाटणं, या दोन मोजपट्ट्यांवर त्यांचे आकडे वर होते. इथल्या पेपरांनी ते चवीनं छापलं.

पण ही प्रश्नावली होती, एकाच विद्यापीठातल्या पोरांची. ते स्टिअरिंगवर बसून काय करतात हे कोणी मोजलं नाही. आवड कळली, ड्रायव्हिंग नाही. इथे 2015 पासून सायकलला निदान एक मीटर सोडून ओलांडायचं असा प्रांताचा कायदा आहे. पोलिसानं मोजायचं ते अंतर.

प्रेषक: विजयनगर
बुधवार, रात्री 11:30

काका, काकू, साष्टांग नमस्कार. माझी बुलेट आहे आणि तिला 'इंदोरी', म्हणजे आपल्याकडचा फटाका सायलेंसर, लावलेला आहे, लपवत नाही. सराफ्यातल्या खाऊगल्लीच्या आधी हिंदुस्थानातल्या गॅरेजवाल्यांना आपलं गाव या सायलेंसरमुळे माहीत आहे. पुण्यात मिस्त्री विचारतो, "पंजाबी बसवू की इंदोरी?" अभिमान वाटायचा भिया!

दंड माहीत आहे. मोटार वाहन कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीनंतर आवाजाच्या कलमात 10,000 रुपयांपर्यंत आहे, आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असा बदल चालणार नाही. तरी एक सांगतो. मी सायकलला पूर्ण लेन सोडून जातो, आणि माझा आवाज ऐकून लोक आधीच सावध होतात. म्हणजे सायकलवाल्याचा फायदाच ना?

प्रेषक: रामबाग
गुरुवार, सकाळी 6:05

बाळा, लेन सोडतोस हे मी पाहिलंय, त्याबद्दल शाबास. पण सावध करण्याचं म्हणशील तर नळीचं तोंड मागे असतं. तू माझ्या मागून येतोस तेव्हा तुझा आवाज तुझ्याही मागे चाललेला असतो, आणि मला सगळ्यात मोठा ऐकू येतो तो तू पुढे निघून गेल्यावर. तेव्हा सावध होऊन करू काय?

दुसरं. 175 सीसीच्या वरच्या मोटारसायकलला 80 डेसिबलची हद्द आहे, साडेसात मीटरवरून मोजलेली. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची शक्ती दसपट होते, थोडीशी नाही. मिस्त्री आतल्या जाळ्या काढून टाकतो तेव्हा तुझी हद्द किती उरली ते तूच बघ.

आणि पलासियाला सिग्नल सोडताना चालत्या गाडीची चावी बंद करून परत चालू करतोस ना? न जळलेलं पेट्रोल सायलेंसरमध्ये साठतं आणि तिथंच पेटतं, म्हणून तो बार निघतो. ते मला चालवण्याशी संबंधित वाटत नाही, कोणाला तरी दचकवण्याशी वाटतं. ताईंचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं.

प्रेषक: विजयनगर
गुरुवार, सकाळी 9:20

चावीचं बंद. सायलेंसरचं बघतो. मूळचा माळ्यावर आहे, आईनं त्यात काय खुपसून ठेवलंय देव जाणे.

प्रेषक: तिलकनगर
शुक्रवार, रात्री 8:00

काकांचं ऐकून मी काल-आज ऑफिसला सायकलवर जाता-येता मोजलं. हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून गेलेली गाडी म्हणजे एक. दोन दिवसांत अकरा झाल्या: चार पांढऱ्या कार, तीन लोडिंग रिक्षा, दोन ई-रिक्षा, एक शाळेची व्हॅन, एक स्कूटर (तिघं जण, पायात गॅसची टाकी). वाजणारी एकही नाही. वाजणाऱ्या दोन भेटल्या, दोन्ही लांबून गेल्या. पण दुसरी गेली तेव्हाच ती स्कूटर मला चिकटली आणि मला ती ऐकू आलीच नाही, हेही खरं.

तेव्हा नियम बदलून लिहिते. मोठा आवाज आला तर उतरायचं नाही, हँडल सरळ धरायचं, आणि तो गेल्यावर लगेच मागे बघायचं. उजव्या हँडलला आरसा लावून घ्या. रविवारी सव्वापाचला नेहमीच्या जागी.

काकूंचा गुडघा बरा आहे. त्या म्हणतात, काका, काडी काळी नको, सोनेरी बघा.