स्टेटस कॉलपेक्षा लिहिलेला निर्णय बरा

टीम घरून काम करत असेल तर दिवसातून दोनदा स्टेटस कॉल, म्हणजे कोणाचं काम कुठवर आलं हे सांगायचा कॉल, हवाच असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. २००१च्या अजाइल जाहीरनाम्यात (सॉफ्टवेअर छोट्या-छोट्या टप्प्यांत बनवण्याच्या पद्धतीची तत्त्वं) समोरासमोर बोलण्यावर भर आहे, मान्य. पण वेगवेगळ्या वेळांना काम करणाऱ्या टीमला ते कसं जमणार?

आमची खरी गळती निर्णयांत होती. कॉलवर ठरलेला बदल टेस्टिंग करणाऱ्या मुलीपर्यंत पोचलाच नाही; दोन दिवस ती बिचारी जुनीच स्क्रीन तपासत बसली. फार वाईट वाटलं. तेव्हापासून काय ठरलं, का ठरलं आणि पुढचं काम कोणाकडे, हे त्याच दिवशी त्या टास्कच्या ऑनलाइन नोंदीखालीच लिहितो. कॉल एकच, १५ मिनिटांचा, तोही सगळ्यांना जमेल त्या वेळी.