तोल सांभाळायला मोठं कुत्रं घ्यायचंय, कोणती जात घ्यावी?

कोयरी (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. माझं वय ४१. सहा वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिसचं (मज्जासंस्थेचा आजार) निदान झालं. डावा पाय थकला की ऐकत नाही, आणि उन्हाळ्यात तर दुपारनंतर फारच. घरात चालते, पण भिंतीला हात लावत. सध्या सासूबाई इथे आल्या आहेत. त्यांनी दाखवलं तेव्हा मला कळलं की बेडरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीवर माझ्या हाताचा एक लांबच लांब मळकट पट्टा उमटलाय. ओट्याजवळ तो पिवळा होतो, कारण फोडणी टाकून वळले की हळदीचा हात तसाच भिंतीला लागतो.

बाहेर भिंत नसते. गेल्या महिन्यात दुधाचा गॅलन घेऊन गाडीकडे येताना भर पार्किंगमध्ये पडले. फ्रॅक्चर झालं नाही, पण मुलीनं (वय ९) ते पाहिलं आणि आता ती माझा हात सोडतच नाही. नऊ वर्षांच्या पोरीनं आईला सावरत चालावं हे मला सहन होत नाही.

न्यूरॉलॉजिस्टनं सर्व्हिस डॉगचा, म्हणजे अपंगांच्या मदतीसाठी शिकवलेल्या कुत्र्याचा, विचार करा म्हणून सांगितलं. संस्थांकडे अर्ज करतेच आहे, पण तिथे थांबावं खूप लागतं. त्यामुळे पिल्लू घेऊन ट्रेनरच्या मदतीनं तयार करावं असाही विचार आहे. उंची ५ फूट ७ इंच, वजन ६८ किलो. यादीत ग्रेट डेन, बर्नीज माउंटन डॉग (हे मुलीच्या आवडीचं) आणि न्यूफाउंडलंड आहेत. नवऱ्याचं म्हणणं, जितकं मोठं तितका भक्कम आधार. स्वतः अनुभव घेतलेलं कुणी आहे का इथे?

रानजाई (कोलंबस, ओहायो)

कोयरी, मी आहे. २०११ मध्ये गाडीच्या अपघातात उजव्या पायाची नस गेली. माझं आता दुसरं कुत्रं चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं पहिलं कुत्रं म्हणजे ढग नावाचा बर्नीज नर. मलाही तेव्हा वाटायचं की मोठं म्हणजे भक्कम. ज्यांच्याकडून घेतला ते म्हणाले, आईबापांचे खुबे उत्तम आहेत. मी कागद मागितला नाही. दीड वर्षाचा झाला तेव्हापासून मी जिना चढताना त्याच्या खांद्यावर हात टेकून उठायला लागले. तो दगडासारखा उभा राहायचा, चारही पाय रोवून, मान वळवून माझ्याकडे बघत. दोन वर्षांचा झाल्यावर एक्स-रे काढला तर उजवा खुबा खराब. म्हणजे सहा महिने मी त्या खुब्यावर भार टाकत होते आणि त्यानं एकदाही कुरकुर केली नाही. त्या दिवसापासून त्याचं काम बंद केलं. पुढे घरातलं कुत्रं म्हणून राहिला आणि सातव्या वर्षी कॅन्सरनं गेला. बर्नीजमध्ये कॅन्सरचं प्रमाण फार आहे, हे आधी वाचलं असतं तर मुळात त्या वाटेला गेले नसते. मुलीला बर्नीज आवडतं हे समजू शकते, पण तिला हे एकदा नीट सांगा.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही भिंतीवरच्या पट्ट्याचं लिहिलंत ना, त्यातच अर्धं उत्तर आहे. भिंतीवर अंग टाकणाऱ्या माणसाचा असा पट्टा उमटत नाही. पट्टा उमटतो तो बोटं टेकवत चालणाऱ्याचा. तुम्हाला भार टाकायला काही नकोय, आपण सरळ उभे आहोत की कलतोय हे कळण्यापुरता स्पर्श हवाय. हार्नेसचं (कुत्र्याच्या अंगावर बांधायच्या पट्ट्यांचं) ताठ हँडल हातात असलं की कुत्रं नेमकं तेच काम करतं. तुम्ही डावीकडे कलायला लागलात की ते हलकेच उलट बाजूला ताण देतं. त्याला सत्तर किलोचं जनावर लागत नाही. उठताना, जिना चढताना भार टाकायचा तो काठीवर किंवा कठड्यावर. माझ्या घरात आता हाच नियम आहे: वजन काठीवर, तोल कुत्र्यावर.

एक करून बघा. स्वयंपाकघरातला वजनकाटा भिंतीलगत टेबलावर ठेवा आणि चालताना भिंतीला जसा हात टेकवता तसा त्यावर टेकवा. किती भरतंय ते इथे लिहा. आणि चप्पल घालून, हात सैल सोडून उभ्या राहा, जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंत किती सेंटिमीटर ते मोजा. काठीची उंची अशीच धरतात, हँडलही साधारण तिथेच हवं.

माझा आत्ताचा ओंकार स्टँडर्ड पूडल आहे. पूडल म्हटलं की लोकांना मांडीवरचं छोटं कुत्रं आठवतं. हा खांद्यापाशी ६४ सेंटिमीटर, वजन २९ किलो. 'थांब', 'उचल', 'दे' एवढ्या तीन शब्दांवर माझा दिवस चालतो. किल्ल्या पडल्या तर वाकावं लागत नाही, आणि वाकणं हीच माझी पडायची जागा होती. केस फारसे गळत नाहीत, पण दर सहा आठवड्यांनी कापून घ्यावे लागतात, तो खर्च धरा. लॅब्रॅडोर, गोल्डन ही नेहमीची नावं आहेत आणि उगाच नाहीत. लॅब नर २२.५ ते २४.५ इंच भरतो, तुमच्या उंचीला तोही चालेल.

पाणकणीस (व्हेट, मूळ परभणी, सध्या इलिनॉय)

रानजाईंच्या ढगाबद्दल वाचून वाईट वाटलं. असे एक्स-रे मी बघत असतो.

कोयरीताई, मोठ्या जातींची हाडं उशिरा पक्की होतात. अगदी अवाढव्य जातींत टोकाचे कोवळे भाग भरून यायला १८ ते २४ महिने लागतात. त्याआधी अंगावर भार नाही, ओढकाम नाही, जिन्यावरून उड्या नाहीत. खुबा आणि कोपर या दोन्हींचा एक्स-रे बघितल्याशिवाय हार्नेसचं काम सुरू करू नका. ओएफए या कुत्र्यांच्या सांध्यांचे निकाल नोंदवणाऱ्या अमेरिकन संस्थेचं कायमचं प्रमाणपत्र २४ महिन्यांनंतरच मिळतं. पेनहिप ही खुब्याचा सैलपणा मोजणारी तपासणी मात्र १६ आठवड्यांपासून करता येते, तेव्हा पिल्लू वाढवत असतानाच अंदाज येतो. आईबापांचे निकाल ओएफएच्या साइटवर नावानं शोधता येतात. विकणारा 'खुबे उत्तम' म्हणाला की नोंदणीचं नाव विचारा आणि स्वतः बघा.

ग्रेट डेनचं सांगतो. स्वभावानं फार गोड जात, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये इप्सविचला सर्व्हिस डॉग प्रोजेक्ट ही संस्था तोल सांभाळण्यासाठी डेनच तयार करून देते. म्हणजे डेन चालतच नाही असं नाही. उंच माणसाला, ज्याला खरोखर जास्त आधार लागतो त्याला ते योग्यच. पण आयुष्य ७ ते १० वर्षं. त्यातली पहिली दोन तयारीत जातात, शेवटची एक-दोन सांधे धरल्यामुळे. हातात कामाची किती उरतात बघा. शिवाय पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका डेनमध्ये सगळ्यात जास्त. काही तासांत जीव जातो. जठर आतून टाके घालून पोटाच्या भिंतीला जोडून घेतात, नसबंदीच्या वेळीच करता येतं. पूडलमध्येही हा धोका आहे, तेव्हा रानजाई, ओंकारचं झालं नसेल तर विचारून घ्या.

न्यूफाउंडलंड तुमच्यासाठी नको. तुम्हाला उन्हाचा त्रास होतो आणि त्यालाही होणार. दुपारी दोघंही घरात अडकाल.

आणि हार्नेस पाठीच्या मध्यावर टेकणारा घेऊ नका. कण्याच्या मधल्या भागाला खाली आधार नसतो. ताण खांद्यांवर यायला हवा.

मोगरा_पुणे

मध्येच विचारते, माफ करा. आईला पार्किन्सन्स आहे, इथे मुधोळ हाउंड चालेल का? आपल्या हवेचं कुत्रं आहे.

पाणकणीस

हवा सोसेल, पण काम नाही. मुधोळ धावण्यासाठी घडलेलं, सडपातळ, नजरेनं शिकार करणारं कुत्रं आहे. मांजर दिसलं आणि झेपावलं तर हँडल आईंच्या हातात असणार. पुण्यात शांत स्वभावाचा लॅब बघा, आणि पार्किन्सन्समध्ये पाय जागीच खिळतात का ते आधी डॉक्टरांना विचारा, कारण त्याचं प्रशिक्षण वेगळं असतं.

कोयरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काट्यावर हात टेकवला. चार वेळा केलं. सगळ्यात जास्त १ किलो ४०० ग्रॅम. नवरा शेजारी उभा होता, तो काही वेळ काट्याकडे बघतच राहिला. मनगटाची उंची ८३ सेंटिमीटर.

आता अडचण सासूबाईंची नाही, हे मुद्दाम सांगते. मला वाटलं होतं त्या कुत्र्याला घरात नको म्हणतील. त्या म्हणाल्या, दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, आपल्या घरात एक असलं तर काय बिघडलं. पण देवळात आणि मंडळाच्या गणपतीला नेता येईल का? आणि ऑनलाइन दोनशे डॉलरला ओळखपत्र मिळतं, ते घ्यावं का?

रानजाई

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा!

ओळखपत्र अजिबात घेऊ नका. एडीए या अमेरिकेच्या अपंगत्व हक्क कायद्यात नोंदणी नाही, कार्ड नाही, जातीचं बंधनही नाही. दुकानदार दोनच गोष्टी विचारू शकतो: अपंगत्वामुळे हे कुत्रं लागतं का, आणि ते कोणतं काम करतं. आजार कोणता हे विचारायचा त्याला अधिकार नाही. पण हे शिकलेल्या कुत्र्याला. शिकत असलेल्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, न्यू जर्सीचे ट्रेनरकडून नीट समजून घ्या.

देऊळ मात्र वेगळं. धार्मिक संस्थांना एडीएची सार्वजनिक जागांची कलमं लागू नाहीत, ते नाही म्हणू शकतात. आमच्या इथे मी आधी फोन केला आणि एकदा गर्दी नसताना ओंकारला घेऊन गेले. आता आरतीच्या वेळी तो दाराजवळच्या खांबापाशी माझ्या पायाशी पडून असतो.

८३ म्हणजे ६२ ते ६५ सेंटिमीटरचं कुत्रं, वर वीसेक सेंटिमीटरचं हँडल. डेनची गरज नाही.

कोयरी

संस्थेचा अर्ज काल रात्री भरून पाठवला. सोबत पेनसिल्व्हेनियातल्या एका पूडलवाल्यांना नोंदणीची नावं मागितली. बापाचा खुबा 'गुड', कोपर 'नॉर्मल' साइटवर सापडलं. आईचं नाव टाकलं तर काहीच आलं नाही. त्यांना आज परत लिहिलंय, आणि ते मिळेपर्यंत आगाऊ रक्कम देणार नाही. मुलगी विचारत होती नाव काय ठेवायचं. म्हटलं, आधी त्याच्या आईचा एक्स-रे येऊ दे.