मदत हवी आहे: कोकणातल्या बंद घरात भिंतीवर नक्की काय टिकतं?

नमस्कार मंडळी,

आमचं गावचं घर वेंगुर्ल्याजवळ आहे, समुद्र चालत दहा मिनिटांवर, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती आणि मंगलोरी कौलं. दोन वर्षांपूर्वी डागडुजी केली, आतून चुना खरवडून मस्त प्लॅस्टिक पेंट मारला आणि मग हौस आली की भिंती सजवूया, म्हणून ठाण्याहून तीन मोठे कॅनव्हास प्रिंट, मैत्रिणीने केलेलं एक ॲक्रिलिक पेंटिंग, प्लॅस्टरचा बुद्ध, पितळी कासव असं सगळं गाडीत घालून नेलं, मे महिन्यात लावलं, फोटो काढले, घर बंद करून परत आलो.

चतुर्थीला दार उघडलं तर काय सांगू. कॅनव्हासवर काळे ठिपके, फ्रेमवाल्याने मागे एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) मारलेला तो भिजल्या पापडासारखा फुगलेला, बुद्धाच्या बुडाशी पांढरा भुगा, कासव हिरवं, आणि प्लॅस्टिक पेंटला पश्चिमेकडच्या भिंतीवर हे एवढाले फोड. फ्रेमवाल्याला फोन केला तर म्हणे दमट हवेला आम्ही काय करणार. बरोबर आहे म्हणा, पण फ्रेम कुठे लावणार हे आधी सांगितलं होतं मी.

आता गंमत बघा. त्याच घराच्या ओटीवर आजोबांनी लावलेली लक्ष्मी आहे, रविवर्मा प्रेसची जुनी छापील तसबीर, सागवानी चौकट, काच. मला कळतंय तेव्हापासून तिथेच आहे. कागद पिवळा पडलाय, एका कोपऱ्यात काचेला चिकटलाय बहुतेक, पण बुरशी नाही! ही कशी टिकली आणि माझी चित्रं एका पावसात का गेली?

अजून एक भांडण घरात चालू आहे. माझ्या मावसभावाने (इंटिरिअरचं काम करतो) माजघरातल्या मोठ्या भिंतीवर टीव्ही युनिट काढलंय ड्रॉइंगमध्ये. ती आमची गणपतीची भिंत आहे, दरवर्षी चतुर्थीआधी ती सारवून रंगवून तिच्यावर चित्र काढतात, वर माटवी (फळं-पानं टांगायची लाकडी चौकट) बांधतात. आई म्हणते, "त्या भिंतीक हात लावशात तर बघा." मी मध्ये अडकलोय. वर्षातले बाकीचे अकरा महिने ती भिंत रिकामीच असते हेही खरंय.

तर कुणी कोकणात घर सजवलं असेल तर प्लीज सांगा: काय लावावं, कसं लावावं, पितळ कसं सांभाळावं. बजेट फार नाहीये.

प्रतिसाद:
घर बंद ठेवलंस तर बुरशी येतलीच रे बाबा, त्यात चित्राचो काय दोष! पूर्वी घरात चूल पेटायची, धूर माडीपर्यंत जायचा, दारं दिवसभर उघडी, माणसं राबती. आता चार महिने कुलूप आणि बाहेर तीन हजार मिमी पाऊस. आजोबांची लक्ष्मी वरून पुढे झुकलेली आहे का बघ. जुन्या तसबिरी दोरीला अशाच तिरक्या टांगायचे, मागून वारा फिरतो. तू कॅनव्हास भिंतीला चिकटवून लावलेस ना?

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत. भर घालतो. चिरा सच्छिद्र, ओल पितो आणि सोडतो, त्यावर चुना असला की ओल बाहेर पडते, प्लॅस्टिक पेंट मारला की आत कोंडते आणि मग फोड. पश्चिमेची भिंत परत चुन्यावर न्या आणि तिथे काहीच टांगू नका, पावसाचा मारा तिकडूनच येतो. चित्रं घराच्या आतल्या, खोल्यांमधल्या भिंतींवर. फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना कॉर्कचे तुकडे लावा म्हणजे बोटभर फट राहील, एमडीएफ अजिबात नको, खिळे लोखंडी नकोत, स्टेनलेसचे घ्या. सिलिका जेलच्या पुड्या लोक फ्रेममागे चिकटवतात, उघड्यावर त्या दोन दिवसांत ओल्या होतात, त्या बंद पेटीतच उपयोगी. सगळ्यात सोपं म्हणजे मे अखेरीला कागदाची चित्रं उतरवून कोरड्या पेटीत.

ती लक्ष्मी काचेपासून ओढून काढू नका हां, रंग काचेवर राहील. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचा विभाग आहे, तिथे विचारा.

प्रतिसाद:
पितळ चिंचेने किंवा आमसुलाने घासा पण नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच खडखडीत पुसा, आंबट राहिलं की दुप्पट हिरवं होतं. दुकानातून आणलेलं लॅकर (चकाकीचा पारदर्शक लेप) मारलेलं पितळ असेल तर चिंच लावूच नका, चट्टे पडतील.

आणि ठाण्याहून कॅनव्हास कशाला आणता हो? सावंतवाडी तासाभरावर आहे. चितार आळीत लाखकामाची लाकडी फळं मिळतात, राजवाड्यात हाताने रंगवलेले गंजिफे (जुन्या खेळाचे गोल पत्ते) मिळतात, दशावतारी गंजिफा 120 पानांचा, त्यातली दहा राजा पानं एका चौकटीत लावली की भिंत भरते. किंवा कुडाळजवळ पिंगुळीला जा, ठाकर समाजाची चित्रकथी (कागदावरची चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) तिथे अजून जिवंत आहे, परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली त्यासाठी. कागदच आहे, तेव्हा वरचे नियम लागू.

मूळ धागाकर्ता:
धन्यवाद सगळ्यांना! आईला फोन करून विचारलं, लक्ष्मी खरंच पुढे झुकलेली आहे, मी इतकी वर्षं समजत होतो खिळा वाकलाय. डागडुजीच्या वेळी सुताराला ती सरळ करायला सांगितली होती मी, त्याने केली नाही, नशीब. कासवाला पुढच्या खेपेला आमसूल.

गणपतीच्या भिंतीचं अजून ठरलं नाही. मावसभाऊ म्हणतो टीव्ही चाकांच्या स्टँडवर ठेवू, चतुर्थीला बाजूला ढकलायचा. कुणाकडे आहे असा स्टँड? सारवलेल्या जमिनीवर चाकं फिरतात का?