तोच, तसाच की तसा दिसणारा? : जावाच्या यादीतली स्ट्रिंग-तुलना

प्रश्न : जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा मराठीतून शिकवताना स्ट्रिंगची, म्हणजे मजकुराची, तुलना करणाऱ्या == आणि इक्वल्स (equals) या दोन्हींना ‘समान आहे का’ असंच म्हटलं जातं. मग विद्यार्थी यादीवर लूप फिरवून == लावतात आणि यादीत असलेलं नाव सापडत नाही. वेगळे शब्द आहेत का?

– == साठी ‘तोच’, इक्वल्ससाठी ‘तसाच’. == फक्त दोन्ही व्हेरिएबल एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात का, एवढंच बघतो; आतला मजकूर ताडून पाहतो तो इक्वल्स.

– शब्द पटले. पण खरी गोम अशी की सरावाच्या कोडमध्ये == चालून जातो. कोडमध्ये दोनदा लिहिलेलं "पुणे" स्ट्रिंग पूलमधलं (सारखा मजकूर एकदाच साठवायच्या जागेतलं) एकच ऑब्जेक्ट असतं, म्हणून ट्रू. स्कॅनरने (बाहेरून आलेला मजकूर वाचणाऱ्या क्लासने) वाचलेलं "पुणे" हे नवं ऑब्जेक्ट, तिथे फॉल्स. इंटर्न (स्ट्रिंगची पूलमधली प्रत देणारी मेथड) लावून == वापरा असंही कोणी सुचवतं. एका ठिकाणी लावायचं राहिलं की तोच बग परत, त्यापेक्षा इक्वल्स बरा.

– मुळात लूप कशाला? यादीचे कंटेन्स (आहे का), इंडेक्सऑफ (कितव्या जागी) आणि रिमूव्ह (काढून टाका) आतून इक्वल्सच वापरतात. कॅपिटल-स्मॉल सोडून द्यायचं असेल तर स्ट्रीमवर एनीमॅच (एखादा तरी घटक जुळतो का) आणि त्यात इक्वल्स-इग्नोअर-केस. यादीत नल (कुठलंच ऑब्जेक्ट नसलेली जागा) असेल तर "पुणे".इक्वल्स(नाव) असं लिहा, उलटं लिहिलंत तर नल पॉइंटर एक्सेप्शन ही एरर.

– मराठी मजकुराला ‘तसाच’ही पुरत नाही, ‘तसा दिसणारा’ हवा. ‘वऱ्हाड’ घ्या. ‘ऱ’ एकच युनिकोड कोड (०९३१) असला तर लेंग्थ (कोडची संख्या) ६ येते. ‘र’ अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असला तर ७. ‘र’, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक (२००डी, पडद्यावर न दिसणारं चिन्ह) असला तरी ७. पडद्यावर तिन्ही सारखे, इक्वल्स मात्र फॉल्स. पहिले दोन जावाच्या नॉर्मलायझर क्लासच्या एनएफसी (युनिकोडचं ठरलेलं जोडलेलं रूप) रूपाने एक होतात, तिसरा होत नाही.

– मग जोडक सरळ काढून टाकला तर?

– तर ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होईल, स्वयंपाकी जाऊन गुरुजी येतील! ‘र’, हलन्त, जोडक या तिघांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घाला, मग एनएफसी करा. हे यादीत भरतानाच करा आणि शोधायच्या शब्दालाही करा. कंटेन्स यादीतला मजकूर आहे तसाच ताडतो, ऐनवेळी काही बदलत नाही.