विषय: लिंबाची पांढरी फज वडी जमत नाहीये, शनिवारचं काय?

प्रेषक: मेधा
गुरुवार, रात्री 9.40

मंडळी,
शनिवारच्या संक्रांतीची फज वडी जमत नाहीये. दोन्ही ट्रे दुपारपासून फ्रीजमध्ये आहेत आणि सुरी घातली की वडी सुरीबरोबरच वर येते. वरून तुकतुकीत, आत श्रीखंड. कृती डिसेंबरच्या पॉटलकचीच: कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, पांढऱ्या (चॉकलेटसारख्या) चिप्सच्या दीड पिशव्या, चिमूटभर मीठ. फक्त या वेळी संत्र्याऐवजी परसातली मेयर लिंबं घेतली, आणि किसणी सापडेना म्हणून सालीऐवजी ट्रेमागे तीन टेबलस्पून रस घातला. माणसं 130 धरली आहेत. हातात फक्त उद्याची संध्याकाळ. फ्रीझरमध्ये टाकू का?

प्रेषक: विद्या
गुरुवार, रात्री 9.58

मेधा, फ्रीझरमध्ये अजिबात नको. तिथे दगड होईल आणि हॉलवर हीटर लागला की अर्ध्या तासात ये रे माझ्या मागल्या.
रसच नडलाय. चॉकलेटला पाण्याचं वावडं असतं. वितळत असताना दोन थेंब पडले तर गोळा होतो, जास्त पडलं तर सैल ते सैलच. लिंबाचा खरा वास सालीतल्या तेलात असतो, रसात नुसता आंबटपणा. साल किसायची तीही वरची पिवळीच. पांढरं आलं की कडू. किसणी नसेल तर सोलाण्याने पातळ साल काढ, दोन चमचे साखर घाल आणि मिक्सरला फिरव. बाजारची लिंबं असतील तर आधी गरम पाण्याने चोळून धुवायची, त्यांना मेण लावलेलं असतं.
फराळ समिती माझ्याकडे होती तेव्हा कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी नमुना करून बघायची पद्धत होती. असो.

प्रेषक: अरविंदकाका
गुरुवार, रात्री 10.21

विद्याताईंशी सहमत नाही. लिंबाने कंडेन्स्ड मिल्क सैल होत नाही, उलट आळतं. आम्लामुळे दुधातलं केसीन हे प्रथिन एकत्र येतं. फ्लोरिडाचा 'की लाइम पाय' (लिंबाचा रस आणि कंडेन्स्ड मिल्कचा गोड पदार्थ) याच तत्त्वावर होतो. गडबड मेयर लिंबाची आहे. ते अर्धं संत्र्याच्या कुळातलं. फ्रँक मेयर यांनी 1908 साली चीनमधून इकडे अमेरिकेत आणलं. आंबटपणा कमी, म्हणून आळलं नाही. नेहमीचं युरेका लिंबू घेतलं असतं तर वडी झाली असती. आपल्या सगळ्यांच्या परसात जे झाड आहे ते खरं तर 'इम्प्रूव्हड मेयर', 1975 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने दिलेलं. मूळ झाडं विषाणू वाहून नेत होती. कोणाला छाटणीविषयी विचारायचं असेल तर स्वतंत्र मेल करावी.

प्रेषक: विद्या
गुरुवार, रात्री 10.30

काका, पाय चमच्याने खातात. वडी हातात धरतात.

प्रेषक: स्वाती
गुरुवार, रात्री 10.44

काका, छाटणीचं नंतर विचारते, पण तुमच्याकडे लिंबं उरली असतील तर शनिवारी हॉलवर पिशवीभर आणाल का? आमच्या झाडाला यंदा फक्त पानं.

प्रेषक: अरविंदकाका
गुरुवार, रात्री 10.52

आणतो. पानं आणि देठ काढूनच आणीन. लिंबूवर्गीय झाडांच्या किडीमुळे परसातली फळं पाल्यासकट इकडून तिकडे न्यायची नसतात. गेल्या वर्षी एकाने डहाळीसकट परडी टेबलावर मांडली होती. नाव घेत नाही.

प्रेषक: केतन (खजिनदार)
शुक्रवार, सकाळी 7.15

मेधाताई, पावती माझ्याकडे आहे म्हणून लिहितो. तुम्ही आणल्या त्या पिशव्या 11 औंसांच्या. दीड पिशवी म्हणजे साडेसोळा औंस. कंडेन्स्ड मिल्कच्या 14 औंसांच्या डब्याला 18 औंस चॉकलेट लागतं, म्हणजे कृती 12 औंसांच्या पिशवीवर बेतलेली असणार.
शिवाय पिशवीवर 'व्हाइट चिप्स' आहे, 'व्हाइट चॉकलेट' नाही. इथल्या नियमाप्रमाणे 2004 पासून व्हाइट चॉकलेट म्हणायचं तर निदान 20 टक्के कोको बटर लागतं. ते नसलं की पाम तेल घालून नुसतं 'व्हाइट' लिहितात. अशा चिप्स नीट वितळतही नाहीत, रवाळ राहतात.
नवीन खरेदी करणार असाल तर आधी मला सांगा. सजावटीवाल्यांनी फुलांत बरंच उडवलंय.

प्रेषक: स्वाती (सजावट)
शुक्रवार, सकाळी 8.02

केतन, फुलांचा खर्च कार्यकारिणीत मंजूर झालेला आहे. विषय फजचा आहे.

प्रेषक: मंदार
शुक्रवार, सकाळी 8.20

फजमध्ये जिलेटिन असतं ना? आमच्याकडे आई आल्या आहेत, त्यांना चालणार नाही.

प्रेषक: मेधा
शुक्रवार, सकाळी 8.31

मंदार, मार्शमेलो वितळवून करतात त्या फजमध्ये असतं. ही कंडेन्स्ड मिल्कची. अंडंही नाही. आईंना सांग निर्धास्त खा.

प्रेषक: माधुरी
शुक्रवार, सकाळी 9.10

मला कळत नाही, संक्रांतीला फज हवीच कशाला? मी नागपूरची. आमच्याकडे संत्रा बर्फी म्हणजे खवा आणि संत्र्याचा गर. गर आधी कढईत पाणी आटेपर्यंत परतायचा, मग खवा. तिथेही रस कोणी ओतत नाही बरं का! भाऊ येताना डबा आणतो तो दाराशीच अर्धा होतो. पुढच्या वर्षी मी करीन, पण मग कढई मंडळाने द्यावी. माझी मोठी कढई गणपतीनंतर कोणाकडे आहे?

प्रेषक: विद्या
शुक्रवार, सकाळी 9.25

कढई हॉलच्या कपाटात, वरच्या फळीवर. आणि फज मुलांसाठी आहे, तिळगूळ आहेच.

मेधा, आता नीट ऐक. ट्रे टाकून देऊ नकोस. दोन्ही ट्रे पातेल्यात काढ, खाली पाण्याचं पातेलं, आच मंद, पाणी उकळता कामा नये. खरं व्हाइट चॉकलेट चिरून ट्रेमागे पाव किलो घाल. मायक्रोवेव्ह करणार असशील तर अर्ध्या पॉवरवर, तीस सेकंद, ढवळ, पुन्हा तीस. पांढरं चॉकलेट काळ्यापेक्षा लवकर करपतं आणि करपलं की फुटतं. सगळं एकजीव झालं की उतरव आणि किसलेली साल शेवटी घाल. आठ इंची चौकोनी ट्रेला कागद लाव, कडेने वर येऊ दे, म्हणजे वडी अख्खी उचलता येते. रात्रभर फ्रीज. इंच-इंचाच्या कापल्या तर एका ट्रेच्या 64, दोन्हींच्या 128.

प्रेषक: केतन (खजिनदार)
शुक्रवार, सकाळी 9.33

130 माणसं आहेत.

प्रेषक: विद्या
शुक्रवार, सकाळी 9.35

समितीवाले खात नाहीत. पद्धत आहे.

प्रेषक: माधुरी
शुक्रवार, सकाळी 11.50

कपाटात कढई नाही. छोटी आहे, ती माझी नव्हे.

प्रेषक: मेधा
शुक्रवार, रात्री 10.15

विद्याताई, एक ट्रे तुम्ही सांगितलं तसा केला. कडा आत्ताच धरल्यात, बोट लावलं तर खूण राहत नाही. दुसऱ्यात चॉकलेट पुरलं नाही, म्हणून आईला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, मिल्क पावडर घाल आणि लाडू वळ. पावणेदोन वाट्या लागली. लाडू भाजलेल्या तिळात घोळवलेत. अंमळ आंबट आहेत, पण घरात दोघांनी आधी लाडूच उचलले.
काका, मेयरची साल पातळ असते, चार लिंबांची किसली तेव्हा कुठे वास आला.

प्रेषक: केतन (खजिनदार)
शुक्रवार, रात्री 10.40

तीळ आहेत तर लाडूंचा ट्रे वेगळा आणि पाटी हवी. 2023 पासून तीळ इथे प्रमुख ॲलर्जन्सच्या (ॲलर्जी होऊ शकणाऱ्या पदार्थांच्या) यादीत आहे, हॉलवाले विचारतात. पाटी मी छापून आणतो. दूध आणि तीळ, आणखी काही?

प्रेषक: अरविंदकाका
शुक्रवार, रात्री 10.48

लिंबू.

प्रेषक: केतन (खजिनदार)
शुक्रवार, रात्री 10.49

काका, लिंबू यादीत नाही.

प्रेषक: मंदार
शुक्रवार, रात्री 11.05

पार्किंग मागच्या बाजूला की पुढे?