मदत हवी आहे : गाडीची काच फोडून चोरी झाल्यानंतर वडिलांना कसे सावरावे, आणि काही व्यावहारिक प्रश्न

नमस्कार. गेल्या रविवारी सकाळी पुण्यात तळजाई टेकडीच्या पायथ्याशी उभ्या केलेल्या आमच्या गाडीच्या मागच्या दाराची काच फोडून चोरी झाली. बाबा (वय ७४) आणि मी टेकडीवर फेरी मारून तेथूनच कोल्हापूरला आत्याकडे जाणार होतो, त्यामुळे सामान गाडीतच होते. पाऊण तासाने खाली आलो तेव्हा मागच्या सीटवर काचेचा चुरा पसरलेला होता आणि दोन पिशव्या गेल्या होत्या. एकीत माझा लॅपटॉप आणि पाकीट होते; दुसरीत घराच्या किल्ल्यांचा जुडगा, गाडीचे आरसी कार्ड आणि बाबांच्या २०११ च्या बायपासपासूनच्या सगळ्या कागदपत्रांची फाइल होती.

तातडीने करायच्या गोष्टी त्याच दिवशी केल्या. बँकेची कार्डे बंद केली, आधारचे बायोमेट्रिक लॉक केले, लॅपटॉपवर उघडी असलेली सर्व खाती दुसऱ्या यंत्रावरून बंद करून पासवर्ड बदलले. आरसीवर घरचा पत्ता आणि त्याच पिशवीत किल्ल्या, ही जोडी मला सर्वांत घातक वाटली, म्हणून दुपारपर्यंत दाराचे लॅच आणि कडीचे कुलूप दोन्ही बदलून घेतले. पोलीस ठाण्यात सुरुवातीला वस्तू गहाळ झाल्याचा अर्ज देण्यास सुचवण्यात आले. परंतु काच फोडून नेलेली वस्तू गहाळ कशी म्हणायची, असे मी विनंतीपूर्वक विचारल्यावर चोरीची फिर्याद नोंदवून घेतली, पंचनामा झाला आणि एफआयआरची प्रत विनामूल्य मिळाली. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी या मुद्द्यावर ठाम राहावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण आरसीच्या दुसऱ्या प्रतीपासून विम्यापर्यंत पुढे प्रत्येक ठिकाणी याच कागदाची विचारणा होते.

आता प्रश्न. लॅपटॉपचा अनुक्रमांक मला दोन दिवसांनी जुन्या बिलावर सापडला. तो पुरवणी जबाबात नोंदवून घ्यावा, असे माझ्या मनात आहे. त्यासाठी तपास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा लागतो की प्रत्यक्ष जाऊन सांगणे पुरेसे असते? नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायची असते. ही माहिती आपल्यापैकी कोणाला आपणहून कळवण्यात आली का, की पाठपुरावा करावा लागला?

विम्याचा हिशेब मी मांडून पाहिला. काचेला घसारा (भाग जुना झाला म्हणून भरपाईतून होणारी कपात) लागत नाही हे खरे, परंतु काच बसवण्याचा खर्च ३,२०० रुपये आहे आणि त्यातून सक्तीची १,००० रुपयांची वजावट, म्हणजे दाव्यातली आपणच सोसायची रक्कम, गेली की हाती २,२०० रुपये येतील. उलट पाच वर्षे दावा न केल्यामुळे मिळालेली ५० टक्के सवलत गेल्यास पुढच्या हप्त्यात सुमारे ४,५०० रुपये जास्त भरावे लागतील. गाडीतल्या सामानाला आमच्या पॉलिसीत संरक्षण नाही. तेव्हा दावा करू नये, असे माझे मत झाले आहे. यात काही निसटत असेल तर कृपया सांगावे.

मात्र हा धागा काढण्याचे खरे कारण बाबा आहेत. सामान डिकीत ठेवू या असे मी म्हटले होते, तेव्हा "जाऊन लगेच यायचंय, राहू दे सीटवर," असे ते म्हणाले होते. त्या दिवसापासून ते टेकडीवर गेलेले नाहीत. रात्री दोन-तीनदा उठून दाराची कडी पाहतात. कुलपे बदलली आहेत हे त्यांना ठाऊक असूनही पाहतात. गाडीत मागे बसायला ते तयार नाहीत, कारण सीटच्या फटीतून अजूनही काचेचे बारीक दाणे निघतात. आम्ही कोणीही त्यांना एका शब्दाने बोललेलो नाही, पण आमचे हे न बोलणेच त्यांना दोष दिल्यासारखे वाटत असावे, अशी शंका मला आता येऊ लागली आहे. त्यांनी परवा माझ्या हातात पाकिटातून काही पैसे ठेवले आणि "लॅपटॉपला लागतील," एवढेच म्हणाले. मी ते परत केले. घ्यायला हवे होते का, हे मला कळत नाही.

त्यांना फाइल गेल्याचे दुःख लॅपटॉपपेक्षा जास्त आहे. तेरा-चौदा वर्षांचे ईसीजी, इको आणि अँजिओग्राफीचे अहवाल त्यांनी स्वतःच्या हाताने तारीखवार लावले होते. रुग्णालयाने इतक्या जुन्या नोंदी नसल्याचे कळवले; डॉक्टरांवर नोंदी तीन वर्षेच जपण्याचे बंधन आहे, त्यामुळे वादही घालता येत नाही. अशा वेळी तपासणी केंद्रे, औषधांची दुकाने किंवा जुन्या वैद्यकीय विम्याच्या दाव्यांच्या कागदांतून कोणी इतिहास पुन्हा जुळवला आहे का? ही जुळवाजुळव बाबांनाच सोबत घेऊन करावी, म्हणजे त्यांच्या हाताला काम मिळेल, असे मला वाटते; पण त्यामुळे जखम पुन्हा उघडी पडेल अशी भीतीही आहे.

घरातल्या वयस्कर माणसाला अशा प्रसंगातून आपण कसे बाहेर काढले, त्याच्याशी काय बोललात, तो पुन्हा त्याच जागी फिरायला गेला का, हे कृपया सविस्तर लिहावे. पुढच्या बुधवारी त्यांची हृदयाची नेहमीची तपासणी आहे आणि ते रिकाम्या हाताने डॉक्टरांकडे जायला तयार नाहीत.